ऑप्शन रनचं ब्लॉकिंग: कोणाला अडवायचं आणि कोणाला मोकळं सोडायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आम्ही जॉर्जियात राहतो. इथे शाळांचे फुटबॉल सामने शुक्रवारी रात्री असतात आणि अख्खं गाव मैदानावर लोटतं. माझा मुलगा चार वर्षं शाळेच्या संघात ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये खेळला, म्हणजे चेंडू असलेल्या संघाच्या पुढच्या पाच जणांच्या रांगेत: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. तो कॉलेजला गेला तरी मी अजून लाइनच्या सरावाला मदतीला जातो. आमचा संघ ऑप्शन खेळतो, त्यामुळे नवे पालक, त्यातही आपली मराठी मंडळी, दर हंगामात तेच प्रश्न विचारतात. ती उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. चार डाउन, दहा यार्ड एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

ऑप्शन म्हणजे नेमकं काय?

साध्या रनमध्ये चेंडू कोण नेणार हे हडलमध्येच ठरलेलं असतं. ऑप्शनमध्ये ते स्नॅपनंतर, म्हणजे सेंटरने चेंडू मागे क्वार्टरबॅककडे दिल्यावर, ठरतं. ट्रिपल ऑप्शनमध्ये तीन शक्यता असतात. क्वार्टरबॅकमागे उभ्या फुलबॅकला चेंडू देऊन सरळ मधून घुसवायचं, ते डाइव्ह. क्वार्टरबॅकने स्वतः चेंडू घेऊन पळायचं, तो कीप. किंवा शेवटच्या क्षणी बाहेरून धावणाऱ्या बॅककडे चेंडू टाकायचा, तो पिच. यातलं काय होणार हे समोरचे दोन बचावपटू काय करतात त्यावर ठरतं. क्वार्टरबॅक त्यांना वाचतो, म्हणून त्याला ‘रीड’ म्हणतात. ज्यांना वाचायचं त्यांना कोणीही ब्लॉक करत नाही.

समोरच्याला मुद्दाम मोकळं कशासाठी सोडायचं?

हिशोब करून बघा. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. साध्या रनमध्ये आपला एक जण चेंडू घेऊन पळतो आणि क्वार्टरबॅक चेंडू देऊन बाजूला होतो. ब्लॉक करायला उरले नऊ, समोर अकरा. म्हणजे कागदावर बचावाकडे कायम दोन माणसं जास्तीची. ऑप्शन त्याच दोघांना हात न लावता खेळातून काढतो. पहिला मोकळा बचावपटू फुलबॅककडे गेला तर क्वार्टरबॅक चेंडू ओढून घेतो, क्वार्टरबॅककडे आला तर चेंडू फुलबॅककडे जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची अवस्था होते.

दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. समोरच्या संघात एखादा राक्षसासारखा टॅकल असतो (बचावाच्या पुढच्या रांगेतल्यांनाही टॅकल म्हणतात), आपल्या पोरापेक्षा तीस किलोने जास्त. त्याला आपला पोरगा हलवू शकत नाही. मग त्याला हलवायचंच कशाला? त्यालाच रीड करा. तो कितीही ताकदवान असला तरी दोन ठिकाणी एकाच वेळी असू शकत नाही.

कोणाला मोकळं सोडायचं हे मुलांना कसं कळतं?

मोजून. स्नॅपआधी प्रत्येक जण समोरची रचना आतून बाहेर मोजतो. आपल्या टॅकलच्या डोक्यावर (म्हणजे अगदी समोर) किंवा त्याच्या बाहेर लाइनवर उभा असलेला पहिला बचावपटू म्हणजे एक नंबर. त्याच्या बाहेरचा पुढचा म्हणजे दोन नंबर. त्यापलीकडे धावायला मोकळा असलेला, बहुतेकदा सेफ्टी (सगळ्यात मागे उभा बचावपटू), तो तीन नंबर. एक नंबर हा डाइव्हचा रीड, दोन नंबर पिचचा रीड, आणि तीन नंबरला ब्लॉक करायचं.

ही मोजणी क्वार्टरबॅक, टॅकल आणि स्लॉटमधला (लाइनच्या टोकामागे उभा) बॅक या तिघांची सारखी आली पाहिजे. एकाची जरी चुकली तरी अख्खा खेळ कोसळतो. म्हणून सरावात आम्ही मुलांना बोट दाखवून मोठ्याने नंबर म्हणायला लावतो. सुरुवातीला त्यांना लाज वाटते, पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत सवय होते.

इनसाइड व्हीरमध्ये लाइनमधला प्रत्येक जण काय करतो?

ऑप्शनचा पाया हाच खेळ, म्हणजे हीच ठरवून खेळायची चाल आहे. तो नीट समजला की बाकीचे खेळ त्याचेच भाऊबंद वाटतात, म्हणून इथे थोडं सविस्तर सांगतो.

समोर जुनी पाच-दोनची रचना धरा. आपल्या सेंटरच्या डोक्यावर नोज, दोन्ही टॅकलच्या डोक्यावर त्यांचे टॅकल, त्यांच्या बाहेर एंड, आणि या रांगेच्या मागे उभे दोन बचावपटू, म्हणजे लाइनबॅकर. खेळ उजवीकडे जाणार आहे.

सेंटर आणि उजवा गार्ड मिळून नोजवर जातात. दोघांचे खांदे एकमेकांना चिकटलेले, मध्ये फट नाही. दोघे मिळून नोजला मागे रेटतात आणि मग लाइनबॅकर ज्याच्या बाजूने येईल तो एक जण सुटून त्याच्यावर जातो. कोण सुटणार हे आधी ठरलेलं नसतं. मुलांना आमचं सांगणं एवढंच, की हात नोजवर आणि डोळे लाइनबॅकरवर. घाईने सुटलात तर नोज मोकळा होतो आणि डाइव्ह तिथेच मरतो.

उजवा टॅकल त्याच्या डोक्यावरच्या माणसाला हातही लावत नाही. तो आतल्या बाजूने निसटून थेट जवळच्या लाइनबॅकरवर जातो. यात त्याचं पहिलं पाऊल सगळ्यात महत्त्वाचं. बाहेरच्या पायाने मोठं पाऊल टाकलं तर समोरचा टॅकल त्याला धरून ठेवतो आणि लाइनबॅकर मोकळा सुटतो. म्हणून आतल्या पायाने सहा इंचांचं छोटं पाऊल, बाहेरचा हात आणि खांदा खाली घेऊन समोरच्याच्या पकडीखालून निघायचं, आणि मग लाइनबॅकरच्या छातीवर.

डावा गार्ड आणि डावा टॅकल यांचं काम उलट बाजूने येणाऱ्यांना कापायचं. आपल्या उजवीकडच्या मोकळ्या गॅपमधून तिरकं निघून मागून पाठलाग करणाऱ्याच्या आणि फुलबॅकच्या मध्ये आपलं शरीर घालायचं. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण लांब पल्ल्याचे डाइव्ह इथूनच होतात.

फुलबॅक उजव्या गार्डच्या दिशेने तीरासारखा सुटतो. क्वार्टरबॅक चेंडू त्याच्या पोटाशी ठेवतो आणि दोघं एक-दोन पावलं बरोबर सरकतात. याला मेश म्हणतात. या अर्ध्या क्षणात क्वार्टरबॅकचे डोळे एक नंबरच्या खांद्यांवर असतात. खांदे आत वळले की चेंडू ओढायचा, नाहीतर द्यायचा. आमच्याकडे नियम आहे, शंका असेल तर द्या. चेंडू फुलबॅककडे गेला तर फार तर दोन यार्डांत संपेल, पण उशिरा ओढला तर तो जमिनीवर पडतो.

माझा मुलगा टॅकल आहे. समोरचा खेळाडू त्याच्यासमोरून आत घुसतो आणि हा त्याला सोडून पळतो. त्याचं चुकतंय का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि एकेकाळी मीही हाच विचारला होता.

मुलाच्या दुसऱ्या हंगामातली गोष्ट. पावसाळी रात्र होती, मैदान चिखलाने भरलेलं. समोरचा ९४ नंबरचा टॅकल दर खेळात माझ्या मुलाला ओलांडून मागे पोचत होता, आणि मी स्टँडमधून ओरडत होतो, ‘अरे, त्याला अडव!’ घरी येताना गाडीतही मी त्याला बोललो. तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी लाइनच्या प्रशिक्षकांनी मला व्हिडिओ बघायला बसवलं आणि एका जागी थांबवला. चित्रात ९४ नंबरचे दोन्ही हात आमच्या फुलबॅकच्या कमरेभोवती होते आणि फुलबॅककडे चेंडूच नव्हता. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात होता, तीन पावलं बाहेर. आणि पाच यार्ड पुढे माझा मुलगा त्यांच्या मधल्या लाइनबॅकरला पाठीवर पाडून त्याच्यावर पडलेला होता. त्या खेळात आम्ही सतरा यार्ड घेतले होते. त्या संध्याकाळी मी मुलाची माफी मागितली.

तेव्हा तुमच्या मुलाला काही बोलण्याआधी एवढं विचारा: तो माणूस एक नंबर होता का? असेल, तर त्याला सोडणं हेच मुलाचं काम होतं.

लाइनमधली मुलं एकमेकांपासून इतकी लांब का उभी राहतात?

आमच्याकडे दोघांमध्ये साधारण तीन फूट अंतर असतं. पास खेळणारे संघ याहून बरेच जवळ उभे राहतात. आपण पसरलो की समोरच्यांनाही पसरावं लागतं, आणि फुलबॅकसाठी फटी तयार होतात. समोरचा आपल्याबरोबर पसरला नाही तर त्याला आतल्या कोनातून ब्लॉक करणं सोपं जातं. सरावात आम्ही पाण्याचा जुना होजपाइप जमिनीवर टाकतो. त्यावर पांढऱ्या रंगाच्या खुणा केलेल्या आहेत, मुलं पाय त्या खुणांवर ठेवतात. बऱ्याच शाळांत तुम्हाला असा पाइप दिसेल.

नीट बघितलंत तर आमचे गार्ड आणि टॅकल चेंडूपासून थोडे मागेही उभे असतात. नियमाप्रमाणे लाइनवर असायला सेंटरच्या कमरेची रेषा ओलांडावी लागते, तेवढीच ते ओलांडतात. त्या मिळालेल्या जागेमुळे आत निसटायला किंवा बाजूचा गॅप गाठायला वेळ मिळतो.

मिडलाइन म्हणजे काय?

इथे रीड आणखी आत सरकतो. गार्डच्या डोक्यावर किंवा बाहेरच्या खांद्यावर उभ्या असलेल्या पहिल्या माणसाला मोकळं सोडायचं. गार्ड त्याला सोडून आत लाइनबॅकरवर जातो, टॅकल एंडला बाहेर ढकलतो, आणि फुलबॅक अगदी सेंटरच्या पाठीमागून सरळ जातो. क्वार्टरबॅकला आधी त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं लागतं, म्हणून पावलं नवी शिकावी लागतात. समोरचा आतला टॅकल फार भारी असेल तर हाच खेळ सगळ्यात उपयोगी पडतो.

आणि आउटसाइड व्हीर?

त्यात रीड बाहेर सरकतो. गार्ड आणि टॅकल दोघे मिळून आतल्या माणसाला चिरडतात, डाइव्ह टॅकलच्या बाहेरून जातो आणि एंडला वाचलं जातं. गोलरेषेजवळ फार प्रभावी.

बाहेरच्या बाजूला कोण कोणाला अडवतं?

खेळाच्या बाजूचा स्लॉटबॅक वळसा घालून तीन नंबरवर जातो. याला आर्क ब्लॉक म्हणतात. अगदी कडेला उभा वाइड रिसिव्हर त्याच्यासमोरच्या बचावपटूला, म्हणजे कॉर्नरला, धरून ठेवतो, म्हणजे पाय हलवत त्याच्यासमोर उभा राहतो, आणि कॉर्नर ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला त्याला ढकलत नेतो. कधी कधी दोघांची कामं बदलतात. रिसिव्हर आत येऊन सेफ्टीवर आणि स्लॉटबॅक बाहेर कॉर्नरवर. सेफ्टी फार वेगाने खाली उतरायला लागला की ही अदलाबदल करायची.

पिच चांगला पडला आणि तरीही दोनच यार्ड मिळाले, तर बहुतेकदा चूक इथे असते. पालक लाइनला दोष देतात, पण खरा प्रश्न पंधरा यार्ड बाहेर असतो.

बचाव फळी यावर काय उपाय करते?

हुशार प्रशिक्षक रीडलाच फसवतात. सगळ्यात प्रचलित युक्ती अशी, की एक नंबर फुलबॅककडे आत घुसतो. क्वार्टरबॅक बरोबर वाचून चेंडू ओढतो. पण त्याच क्षणी लाइनबॅकर आपली जागा सोडून वळसा घालून बाहेर येतो आणि क्वार्टरबॅकला गाठतो. दोघांनी कामांची अदलाबदल केलेली असते. म्हणजे आमच्या टॅकलने आत निसटून ज्याला अडवायचं, तो तिथे नसतोच.

यावर आमचं उत्तर असं. टॅकलला आधी सांगून ठेवायचं की लाइनबॅकर बाहेर सरकताना दिसला तर त्याचा पाठलाग आतून करू नको, एक नंबरच्या मागून बाहेर जाऊन त्याला गाठ. किंवा स्लॉटबॅकने तीन नंबर सोडून या वळसेवाल्याला उचलायचं. किंवा पुढच्या वेळी एक नंबरला सोडायचंच नाही, टॅकलने त्याला आत दाबून टाकायचं आणि फुलबॅकला सरळ चेंडू द्यायचा. हे शेवटचं मला फार आवडतं. जो मुलगा चार खेळ अडवल्याशिवाय आत घुसला, त्याला पाचव्या खेळात अचानक खांदा बसतो. त्यानंतर तो उरलेला सामना जपून घुसतो.

झोन रीडमध्ये ब्लॉकिंग वेगळं असतं का?

हो, बरंच. तिथे पाचही लाइनमन एकाच दिशेने पाऊल टाकतात आणि आपापल्या पट्ट्यात येईल त्याला घेतात. मोकळा सोडलेला माणूस खेळाच्या उलट बाजूचा एंड असतो. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये मागे उभा असल्याने त्याला बघायला वेळ मिळतो. हा खेळ १९९० च्या दशकात प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांनी ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात रुजवला आणि पुढे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात गाजवला. शिकायला तो सोपा. पण मला विचाराल तर व्हीरमध्ये मोकळा माणूस चेंडूच्या वाटेवरच असतो, म्हणून त्याला चुकवण्याची किंमत जास्त मिळते.

आरपीओ म्हणजे तेच का?

नाही. आरपीओ म्हणजे रन-पास ऑप्शन. त्यात दुसरी शक्यता पासची असते, त्यामुळे लाइनमनना पुढे जायला मर्यादा येते: कॉलेजात तीन यार्ड, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये एक. ऑप्शन रनमध्ये चेंडू पुढे फेकलाच जात नाही, म्हणून आमची मुलं हवं तितकं पुढे जाऊन ब्लॉक करू शकतात.

कंबरेखालचा ब्लॉक अजून चालतो का? तो धोकादायक नाही का?

हा प्रश्न पालकांनी विचारलाच पाहिजे. ऑप्शन खेळणारे संघ वर्षानुवर्षं कट ब्लॉक वापरत आले, म्हणजे समोरच्याच्या मांडीवर झेप घेऊन त्याला पाडायचं. लहान चणीच्या मुलाला मोठ्या माणसाला अडवायचा तो मार्ग होता. गुडघ्यांच्या दुखापतींमुळे नियम हळूहळू कडक होत गेले. २०२२ पासून कॉलेजात टॅकल बॉक्सच्या (लाइनच्या मध्याभोवतीच्या चौकोनाच्या) बाहेर कंबरेखाली ब्लॉक करता येत नाही. आत लाइनमन आणि स्नॅपच्या वेळी स्थिर उभे असलेले बॅक करू शकतात. शाळांमध्ये नियम आणखी कडक आहे: चेंडूच्या दोन्ही बाजूंना चार यार्ड आणि मागे तीन यार्ड एवढ्याच चौकोनात, आणि तेही स्नॅपनंतर लगेच.

एकाने वर धरायचं आणि दुसऱ्याने खाली मारायचं हा चॉप ब्लॉक मात्र सगळीकडे गुन्हा आहे, आणि असलाच पाहिजे. आमच्या सरावात आम्ही कट शिकवतच नाही. स्लॉटबॅकना पायांवर उभं राहून छातीवर ब्लॉक करायला शिकवतो. त्यामुळे पिच थोडा कमी पळतो, हे मान्य. पण समोरची मुलंही कोणाची तरी मुलं आहेत.

हे सगळं आलं कुठून?

प्रशिक्षक डॉन फॉरोट यांनी १९४१ मध्ये मिझुरी विद्यापीठात स्प्लिट-टी ही रचना उभी केली. लाइनमधलं अंतर वाढवायचं आणि बाहेरच्या माणसाला ब्लॉक न करता क्वार्टरबॅकने त्याच्यावर चालून जायचं, हे दोन्ही त्यात आहे. पुढे बड विल्किन्सन यांच्या ओक्लाहोमाने त्याच धाटणीच्या खेळावर १९५३ ते १९५७ मध्ये सलग ४७ सामने जिंकले. १९६० च्या दशकात ह्यूस्टनमध्ये बिल योमन यांनी रीड आत आणला आणि व्हीर जन्मला. १९६८ मध्ये त्यांच्या संघाने तुल्सावर १०० गुण चढवले.

त्याच वर्षी टेक्सासमध्ये डॅरेल रॉयल यांचे सहायक एमरी बेलार्ड यांनी तीन बॅकची विशबोन मांडली. पहिला सामना योगायोगाने ह्यूस्टनशीच, २०-२० बरोबरीत. दुसरा हरले. त्यानंतर सलग ३० जिंकले. विशबोनमधले दोन बॅक पुढे लाइनच्या टोकांमागे स्लॉटमध्ये नेले की फ्लेक्सबोन होते. आमच्या जॉर्जियात ती पॉल जॉन्सन यांनी घराघरांत पोचवली, आधी जॉर्जिया सदर्न आणि २००८ ते २०१८ जॉर्जिया टेक.

लष्करी अकादम्या हाच खेळ का खेळतात?

तिथल्या मुलांना पुढे सैन्यात जायचं असतं, दीडशे किलोचे लाइनमन तिथे मिळत नाहीत. ऑप्शनमध्ये वजनापेक्षा पहिलं पाऊल आणि शिस्त महत्त्वाची. २०१८ मध्ये आर्मीने बलाढ्य ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर जादा वेळेपर्यंत खेचलं, जवळपास ४५ मिनिटं चेंडू स्वतःकडे ठेवून. हरले २८-२१ ने, पण लाइनच्या मुलांना मी तो सामना दर वर्षी दाखवतो.

मग एनएफएलमध्ये का दिसत नाही?

तिथे क्वार्टरबॅक फार महागडा असतो आणि पिच रीड म्हणजे जवळजवळ प्रत्येक खेळात मार. झोन रीड मात्र तिथेही पोचला. २०१९ मध्ये लामार जॅक्सनच्या बाल्टिमोर रेव्हन्सने एका हंगामात ३,२९६ यार्ड धावून विक्रम केला.

आमचा मुलगा लाइनमध्ये आहे, घरी काय सराव करू?

वजन उचलणं शाळेत होतं. घरी पावलं करा. अंगणात चुन्याने रेघ मारा, मुलाला चारही हातापायांवर बसवा, तुम्ही टाळी वाजवा आणि त्याचं फक्त पहिलं पाऊल बघा. सहा इंच, त्याहून मोठं नाही. दुसरं पाऊल जमिनीला लागेपर्यंत पाठ वर येता कामा नये. रोज वीस वेळा उजवीकडे, वीस वेळा डावीकडे. कबड्डी खेळलेल्या बाबांना हे पटकन कळतं, पकडीखालून निसटतानाही खांदा असाच खाली जातो.

सामना बघताना नजर कुठे ठेवू?

स्नॅपला चेंडूकडे बघू नका, क्वार्टरबॅकचा चकवा तुम्हालाही फसवेल. खेळाच्या बाजूच्या टॅकलकडे बघा. तो समोरच्याला सोडून आत गेला तर इनसाइड व्हीर. त्याने एंडला बाहेर ढकललं आणि गार्ड निसटला तर मिडलाइन. गार्ड आणि टॅकल दोघे एकाच माणसावर तुटून पडले तर आउटसाइड व्हीर. मग ज्याला कोणी हात लावला नाही त्याला शोधा आणि त्याचे खांदे कुठे वळले ते बघा. ते आत वळले असतील, तर चेंडू बाहेर गेलेला असेल.